आंबेनळीत चाक धरलं

फलटणला परत येऊन आठ दिवस झाले, तरी मला अजून खरं वाटत नाही. आळीतल्या बायका विचारतात, कोकण कसं वाटलं? मी महाडच्या तांदळाच्या भाकरीपासून सुरुवात करते आणि आंबेनळी घाटापाशी येऊन गप्प होते. प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. ज्यांनी तो रस्ता पाहिला नाही त्यांना रस्ता कळेल, आणि ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्यांना आणखी एक गोष्ट कळेल.

आमचे हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. निवृत्त झाले आणि साठाव्या वर्षी गाडी शिकले. आता एकाहत्तर. जुनीच गाडी घेतली, पांढरी. तेव्हापासून आळीत कुणाला पहाटेची एसटी गाठायची असो की कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, आमच्या दाराची कडी वाजते आणि हे पायजम्यावरच निघतात. कारखान्यात उभ्या आयुष्यात ह्यांना कुणी साहेब म्हटलं नाही. पण गाडी आल्यापासून पोरं ‘गाडीवाले आजोबा’ म्हणतात, आणि ते ऐकलं की हे अजून लाजतात.

आमचा मुलगा शैलेश पुण्याला असतो. या दिवाळीत आला तेव्हा त्याने ह्यांना समोर बसवलं नि म्हणाला, बाबा, वय झालं, आता एक जरी ओरखडा आला तरी गाडी विकायची. हे म्हणाले, कबूल. लेकाने गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं. म्हणजे महाडला माझ्या भाचीकडे, वृंदाकडे, जायचं ठरलं ती ह्यांची परीक्षाच होती, आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

गुरुवार, आंबेनळी घाट

ह्यांनी आठवडाभर आधीपासून गाडी तपासायला घेतली होती. चाकातली हवा, पाणी, इंजिनचं ऑइल, सगळं झालं. ब्रेकचं ऑइल कमी वाटलं म्हणून बाजारातून नवी बाटली घेऊन आले, आणि येऊन बघतात तर बॉनेटखालची ऑइलची डबी काठोकाठ भरलेली. उगाच बाटली आणली म्हणून स्वतःवरच चिडले. गुरुवारी उजाडताच आम्ही निघालो. वाईला चहा घेतला, महाबळेश्वरला मी बांधून आणलेले धपाटे खाल्ले.

महाबळेश्वर सोडलं की रस्ता एकदम खाली वळतो. आमच्याकडे डोंगर म्हणजे बोडका, त्यावर एखादं बाभळीचं झाड. इथे झाडी अशी दाट की दुपारी बारालाही रस्त्यावर सावली. मी खिडकीतून बघत होते नि बोलत होते, आणि ह्यांचा कान गाडीकडे होता. प्रतापगडाचा फाटा मागे पडला तसे हे म्हणाले, उतार आहे तरी ॲक्सिलरेटर द्यावा लागतोय, गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी वाटते. मी म्हटलं, अहो, तुमचा पाय असेल ब्रेकवर. नाही गं, म्हणाले, पण खाली वाकून बघितलंच.

मग वास आला. तवा रिकामा चुलीवर राहून गेला की येतो तसा. पुढच्या चाकातून पांढरा धूर निघायला लागला. हे म्हणाले, पुढचं वळण ओलांडून रुंद जागा बघतो. वळण आलं. ह्यांनी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. चिखलात जावा तसा. इतका वेळ जो ब्रेक गाडीला सोडत नव्हता तो आता तिला धरेना.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. ह्यांनी नंतरही सांगितलं नाही. ह्यांचा हात गिअरवर मागेपुढे झाला, गाडी घुसमटल्यासारखी ओरडली, आणि दरीच्या उलट्या बाजूला, डोंगराच्या कडेच्या गटारात आमची दोन चाकं उतरली. माझा खांदा दारावर आपटला. मग सगळं शांत झालं आणि गाडीखालून नुसता चर्रर्र आवाज येत राहिला.

पहिली आली ती सोनाबाई. वरच्या वाडीतली, चार म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती. वय माझ्याएवढंच असेल, पण चढ असा चढते की आपण पायऱ्याही तशा चढत नाही. तिने आधी दोन मोठे दगड आणून चाकांखाली सारले, मग आमच्याकडे बघितलं. मी पाण्याची बाटली घेऊन धूर निघणाऱ्या चाकाकडे धावले तर तिने माझं मनगटच धरलं.

“वतू नको गो बाय. तापल्यालं हाय, तडकंल. पाणी म्हाताऱ्याला पाज.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गटाराच्या काठावर बसले होते आणि शर्टाच्या बाहीने पुन्हा पुन्हा कपाळ पुसत होते. मला त्यांना पाणी द्यायचं सुचलं नव्हतं, चाकाला सुचलं होतं. सोनाबाईचा एक मुलगा मुंबईत टॅक्सी चालवतो, त्याच्याकडून तिला हे तापलेल्या चाकाचं माहीत. दुसराही मुंबईलाच. वाडीत ती, म्हशी आणि नवरा. तिने वरून घरून लोटीभर ताक आणलं, मीठ घातलेलं, लसणाचा वास असलेलं. ताकात लसूण आमच्याकडे घालत नाहीत. ह्यांनी सगळं प्यायलं.

तेवढ्यात शैलेशचा फोन आला, पोचलात का म्हणून. आणि मी, माझ्या तोंडाला काही लगामच नाही, बोलून बसले, बाबांनी गाडी गटारात घातली.

पोलादपूर

पोलादपूरहून एक क्रेनची गाडी आली. आमच्या गाडीची पुढची दोन्ही चाकं जागची हलत नव्हती म्हणून तिने पुढचा भाग उचलून धरला आणि तशीच ओढत नेली. आम्ही क्रेनवाल्याच्या शेजारी बसलो. गाव घाटाच्या पायथ्याशीच आहे. हायवेवर गाड्यांची रीघ, वडापावच्या गाड्या, आणि मागे भाताची खाचरं कापून झालेली. एका खाचरात बायका पेंढ्या झोडत होत्या. आमच्याकडे ज्वारी अजून गुडघ्याला लागलेली नसते तेव्हा यांच्याकडे पीक घरात येतं, याचं मला एरवी किती नवल वाटलं असतं.

तिथल्या गॅरेजवाल्याने चाकाला हात लावला, नाक जवळ नेलं आणि न विचारताच निकाल दिला. आजोबा घाटभर ब्रेकवर पाय ठेवून उतरले, त्याने कॅलिपर जाम झाले. कॅलिपर म्हणजे चाकाच्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखं धरणारा भाग. तो धरून बसला की सोडत नाही. त्याच्याकडे हे काम होत नव्हतं, म्हणाला महाडला अंता मिस्त्रीकडे न्या.

चहाच्या टपरीवर ह्यांनी कप हातात घेतला आणि तसाच बाकावर ठेवला. मग म्हणाले, “पाय ब्रेकवर असणार माझा. मला कळलं नसेल. त्या दिवशी ते ऑइलही मला कमी दिसलं होतं, आणि भरलेलं निघालं. आता गाडी नको.”

मी काहीतरी समजूत घालायला हवी होती. मी म्हटलं, अहो, चहा गार होतोय.

संध्याकाळी त्याच क्रेनने महाडला पोचलो तेव्हा गाडी अंता मिस्त्रीच्या दारात सोडून हे वृंदाच्या घरी गेले आणि चप्पल काढायच्या आधी किल्ली तिच्या हातात दिली. शैलेश शनिवारी येतोय, त्याला दे, म्हणाले.

शुक्रवार, महाड

वृंदाचा नवरा औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, पहिली पाळी. त्यांच्या घरी सकाळ कंपनीच्या बसच्या हॉर्नने होते. वृंदाने सकाळीच भाकरी केल्या. त्यांच्याकडे पिठाची आधी उकड काढतात, मग मळतात, आणि भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, रुमालासारखी चार घड्या घालाव्यात अशी होते. बरोबर कडव्या वालाचं बिरडं. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलायचे. मी तिला म्हटलं, आमच्याकडे एवढ्या वेळात दोन ब्लाउज शिवून होतात. ती हसली. हे जेवले, पण गाडी चालू राहण्यापुरतं पेट्रोल घालावं तेवढंच.

नंतर आम्ही दोघं अंता मिस्त्रीकडे गेलो. त्याचं गॅरेज वसाहतीच्या रस्त्यावर, एका चिंचेखाली. पन्नाशीचा माणूस, एकटाच काम करतो, बोलतो कमी. मला वाटलं आधी चाक खोलेल. तो चाकाकडे गेलाच नाही. बॉनेट उघडलं, ब्रेकच्या ऑइलची ती लहान डबी असते तिचं झाकण काढलं, आणि झाकणाखालची रबराची चकती बोटावर धरली. चकती फुगली होती. तेलात टाकलेली पुरी फुगावी तशी. त्याने ती परत झाकणात बसवून बघितली, बसेना. मग मला म्हणाला, काकी, टपरीवरून एक ग्लास पाणी आणाल? काचेचा ग्लास आणा.

मी आणला. त्याने डबीतलं ऑइल पिचकारीने ओढलं आणि चार थेंब पाण्यात सोडले.

“बघा. चांगला ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतो, दिसत पण नाय. हे वर तरंगतंय.”

पाण्यावर तवंग आला होता. कटाच्या आमटीवर येतो तसा, फक्त रंग नसलेला. ऊन पडलं की त्यात मोरपिसाचे रंग दिसत होते. अंता सांगत होता की नावालाच त्याला ऑइल म्हणतात, ते तेल नाही. त्यात कुणी खरं तेल घातलं, कसलंही, की आतली सगळी रबरं फुगतात. चाकाकडे दाब जातो तो मागे परत येत नाही. ब्रेक लागतो आणि सुटत नाही, तापतो, उकळतो, मग एकदम लागेनासा होतो. त्याने चाकापाशी एक लहान बोल्ट जरा सैल केला, आतून ऑइलची चिळकांडी उडाली, आणि आदल्या दिवशी क्रेनलाही न हलणारं चाक त्याने एका हाताने गर्रकन फिरवलं.

“काकांचा पाय नाय हो. कोणीतरी शहाण्याने पातळ तेल वतलंय हिच्यात.”

मी ग्लास उचलून नाकाशी नेला.

ते शहाणपण माझं होतं. आठवड्यापूर्वी हे बॉनेट उघडं टाकून म्हणाले होते, ब्रेकचं ऑइल कमी झालंय, घेऊन येतो, आणि बाजारात गेले होते. मी ब्लाउजाला हुक लावत दारात बसले होते. मनात आलं, एवढ्यासाठी बाजारात कशाला जायचं? माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची नवी बाटली कपाटात होती. स्वच्छ, पातळ, पाण्यासारखं तेल. तीस वर्षं त्यानेच माझी मशीन न कुरकुरता चालली आहे. डबीवर रेघ होती, ती बुडेपर्यंत काठोकाठ ओतलं, झाकण लावलं, हात पुसले. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी आत गेले. हे परत आले, काठोकाठ भरलेलं बघून स्वतःच्या डोळ्यांना नावं ठेवत बसले, ते मी आतून ऐकलं. बाहेर येऊन सांगणारच होते. कुणीतरी ब्लाउज न्यायला आलं आणि राहून गेलं. खरं सांगते, ते माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं, कारण मला ते काही विशेष केलं असं वाटलंच नव्हतं. ऑइल म्हणजे तेल. माझ्या सगळ्या आयुष्यात ऑइल म्हणजे तेलच होतं.

गॅरेजात मी तोंड उघडलं नाही. घरीही नाही. वृंदाने दुपारी सुक्या जवळ्याची चटणी केली होती, खास माझ्यासाठी, आणि मी म्हटलं, पित्त झालंय. घाटात सोनाबाईने धरलेलं मनगट पुन्हा पुन्हा आठवत होतं. तिथे गटार नसतं तर? मी स्वतःच्या हाताने आम्हा दोघांना दरीत ढकललं होतं, आणि वर फोन करून ह्यांचं नाव सांगितलं होतं.

शनिवार

शैलेश दुपारच्या एसटीने आला. वृंदाने त्याला किल्ली दिली, त्याने खिशात टाकली, आणि आम्ही सगळे गॅरेजात गेलो. पनवेलहून आलेल्या रबरांच्या पुड्या अंताने फोडून ठेवल्या होत्या. दोन्ही कॅलिपर खोलून कागदावर मांडले होते. आतल्या रबराच्या चकत्या इतक्या फुगल्या होत्या की मधला दट्ट्या जोर लावल्याशिवाय हलत नव्हता. अंताने शैलेशला सगळं दाखवलं, पाण्याचा ग्लासही, आणि पुन्हा तेच म्हणाला, कसलं तरी पातळ तेल कोणीतरी घातलंय.

शैलेशने ह्यांच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही त्याने, ते मला जास्त लागलं.

“बाबा, तुम्हीच घातलंत ना?”

“मीच,” हे म्हणाले. “घरात मशीनचं तेल होतं, तेच ओतलं.”

मला घाटात बसला नव्हता एवढा धक्का तिथे बसला. कारण मशीनचं तेल हे शब्द त्या गॅरेजात तोवर कुणीही उच्चारले नव्हते. अंताने नाही, मी तर नाहीच. म्हणजे ह्यांना माहीत होतं. माहीत असून ते चाकाकडे बघत उभे होते आणि आपली गाडी, आपलं नाव, सगळं माझ्यापायी सोडून देत होते.

मी म्हटलं, “शैलेश, ते मी ओतलंय. बाबा बाजारात गेले होते तेव्हा. त्यांना मी सांगितलं नाही.”

शैलेश तिथल्या जुन्या टायरवर बसला. कंपनीच्या दोन बस गेल्या, पाळी सुटली होती, मागून मोटारसायकलींची रांग. तेवढा वेळ कुणाला काही ऐकूच आलं नसतं, आणि मला ते बरं वाटलं. आवाज थांबल्यावर अंता बोलला. एरवी न बोलणारा माणूस, पाना पुसत पुसत म्हणाला, काका, ब्रेक गेल्यावर काय केलंत? ह्यांनी सांगितलं, तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला, हँडब्रेक हळूहळू ओढला, मग गटार.

“दादा,” अंता शैलेशला म्हणाला, “पॅडल खाली गेला का माणूस नुसता पॅडलच दाबत बसतो. त्याला गिअर आठवत नाय. कैक गाड्या खोलल्यात मी, म्हणून सांगतो. काकांना आठवला.”

म्हणजे गाडी गटारात गेली नव्हती. ह्यांनी ती गटारात नेली होती. मी शेजारी बसून बघत होते आणि मला तेवढंही दिसलं नव्हतं.

शैलेश उठून रस्त्याच्या पलीकडे गेला, फोनवर बोलला, बहुतेक त्या गिऱ्हाईकाशीच. परत आला तेव्हा त्याने खिशातून किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. कुणाच्या हातात दिली नाही. मला म्हणाला, “आई, तू मात्र आता गाडीपासून दोन हात लांब.” वृंदा तोंडाला पदर लावून हसली. अंताही हसला. मला हसू येईना.

वृंदाच्या घरी परतताना मी ह्यांना विचारलं, कधी कळलं तुम्हाला? म्हणाले, शुक्रवारी, ग्लासाला वास आला तेव्हा, तीस वर्षं घरात तोच वास आहे. मग बोलला का नाहीत? म्हणाले, तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. मग वाटलं, नाही सांगितलंस तरी चालेल, गाडी कधीतरी सोडायचीच आहे.



रविवार, वरंध

अंताने सगळ्या नळ्या धुतल्या, रबरं बदलली, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबायला लावून आतली हवा काढली. किल्ली रविवारी सकाळपर्यंत कुणाचीच नव्हती असं म्हटलं तरी चालेल, कारण ती शैलेशने उचलून वृंदाच्या टीव्हीवर ठेवली आणि हे तिच्याकडे न बघता तिथून ये-जा करत होते. शेवटी म्हणाले, शैलेश, वरंधपर्यंत तू चालव.

आम्ही आंबेनळीने परतलो नाही, वरंध्याच्या घाटाने भोरकडे निघालो. रस्ता अरुंद आहे, वरून लाल माती घसरून आलेली, समोरून एसटी आली की एकाने थांबायचं. वरंध गाव घाटाच्या आधी लागतं. तिथे चहा घेतला. शैलेश आठवडाभराचा दमलेला, शनिवारच्या एसटीने पाठ धरलेली. चहा संपवून तो मागच्या दाराने आत बसला. हे गाडीभोवती एक फेरी मारून आले. चाकांना हात लावून बघितला, गार होती. मग पुढे बसले.

चढ चढून आम्ही पलीकडे भोरच्या अंगाला उतरायला लागलो. खाली धरणाचं पाणी दिसत होतं, इतकं निळं आणि इतकं खोल की मी डोळे मिटून घेतले, उघडले, पुन्हा मिटले. प्रत्येक वळणावर माझी बोटं सीटमध्ये रुतत होती. एका वळणावर मी मागे बघितलं. शैलेश झोपला होता. मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, लहानपणी झोपायचा तसा. घाटात, बापाच्या गाडीत.

ह्यांनीही आरशात बघितलं. पुढे वळण होतं, पलीकडून दुधाची गाडी येत होती. ब्रेक लागला आणि सुटला, तो इतका हळू की शैलेशची मान जागची हलली नाही.